अर्ज, आग्रह आणि हुक्की

इंग्रजी भाषेत 'अर्ज' नावाचा एक शब्द आहे. तो आपला अर्ज नव्हे. आपला अर्ज साध्या कागदावर करतात, खाली 'आपला नम्र' असं लिहितात आणि मग तो साहेबांच्या टेबलावर शांतपणे पडून राहतो. इंग्रजांचा अर्ज पडून राहत नाही. तो माणसाला बसल्या जागेवरून उठवतो, पाठीत ढुसण्या देतो आणि नको ते करायला लावतो. बँकेत वीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज स्वीकारण्यात घालवल्यावरही हा दुसरा अर्ज माझ्या काउंटरवर कधी आला नव्हता. तो आला शेजारच्या मुलाच्या वहीतून.

हा मुलगा बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला बसतो आहे. मी क्लार्क आहे, त्या अर्थी मला इंग्रजी येत असणार, असा त्याच्या आईचा समज आहे. आमच्या शिरगावात असे समज लवकर पसरतात आणि उशिरा फिटतात. त्यामुळे मुंबईहून सुमारे ६८ किलोमीटर उभ्याने येऊन बदलापूरला उतरलेला मी घरी पोचतो न पोचतो, तोच हा शब्दांची यादी घेऊन दारात हजर. पर्सुएड, इन्ड्यूस, कोक्स, केजोल, कम्पेल, कोअर्स. एका माणसाने दुसऱ्याच्या मानगुटीवर बसण्याच्या इतक्या तऱ्हा इंग्रजांना माहीत होत्या म्हणूनच ते आपल्याकडे दीडशे वर्षं राहिले असावेत.

"काका," तो म्हणाला, "अर्ज म्हणजे दुसऱ्याला आग्रह करणं. आणि अर्ज म्हणजे आपल्या मनात आतून उठणारी हुक्की. आग्रह बाहेरून होतो, हुक्की आतून येते. मग दोन्हींना एकच शब्द कसा?"

मी त्याला सांगितलं, की परीक्षेत दोन्हींसाठी तोच पर्याय बरोबर धरतात, तेव्हा खूण करून पुढे जावं. तो पुढे गेला. मी मात्र तिथेच राहिलो. परीक्षेत येणार नाही असा प्रश्न पडला, की तो हटकून विचार करण्यासारखा असतो.

त्या रात्री शब्दकोश काढून बसलो. 'अर्ज' हा मूळचा लॅटिन, अर्थ दाबणं, रेटणं. आमच्या हापिसातल्या परिपत्रकांवर लाल शाईत ज्याचा शिक्का असतो, तो 'अर्जंट' त्याचाच सख्खा भाऊ. 'इम्पल्स' म्हणजे आतली ऊर्मी आणि 'कम्पल्शन' म्हणजे सक्ती, हे दोघंही एकाच लॅटिन धातूच्या पोटचे. त्या धातूचा अर्थ ढकलणं. म्हणजे इंग्रजांच्या लेखी माणूस ही हातगाडी आहे. ती कुणीतरी ढकलायची. ढकलणारा गाडीच्या आत बसलाय की बाहेर उभा आहे, हा तपशील दुय्यम.

हे वाचून मला इंग्रजांविषयी आदर वाटला. कारण संध्याकाळी दादरला बदलापूर लोकल पकडणारा माणूस स्वतः चढतो की चढवला जातो, याचा निकाल आजवर लागलेला नाही. आतून 'चढ' म्हणणारा इम्पल्स आणि मागून शंभर छात्यांनी चालवलेलं कम्पल्शन एकाच क्षणी काम करतात. आपण डब्यात असतो, एवढंच नंतर कळतं.

सगळेच इंग्रजी शब्द धक्काबुक्कीचे आहेत असं मात्र नाही. 'कोक्स' हा शब्द 'मूर्ख' या अर्थाच्या एका जुन्या शब्दावरून आला. लाडीगोडी लावणं म्हणजे समोरच्याला मूर्ख बनवणं, हे त्या लोकांनी शब्दातच कबूल करून टाकलं आहे. 'पर्सुएड'चं मूळ मात्र गोड निघालं, अगदी शब्दशः. त्याचं मूळ आणि आपल्या संस्कृतातल्या 'स्वादु'चं मूळ एकच. तोंड गोड केल्याशिवाय माणूस वळत नाही, हे लॅटिन बोलणाऱ्यांनाही ठाऊक होतं. फक्त त्यांनी शब्द काढला आणि आपण जिलबी काढली.

मराठीत आपण ढकलत नाही. आपण धरतो. 'आग्रह' या शब्दात 'ग्रह्' धातू आहे: धरणं, पकडणं. हट्टाने धरलं की दुराग्रह. स्वतःलाच धरून ठेवलं की निग्रह. आणि धरण्याची आपली आवडती जागा म्हणजे गळा. आपण दुसऱ्याला गळ घालतो, त्याच्या गळी पडतो, एखादी गोष्ट त्याच्या गळी उतरवतो आणि उरलेला माल त्याच्या गळ्यात मारतो. त्यातून वाचलाच, तर त्याच्या खनपटीला बसतो. मराठी माणसाचं मन वळवायचं असेल, तर मनाकडे कुणी जातच नाही. सगळा कारभार मानेच्या आसपास उरकतो.

आतल्या ऊर्मींसाठीही आपल्याकडे शब्दांची चंगळ आहे. पण ते नीट पाहिले, तर शब्दकोशातले न वाटता दवाखान्यातले वाटतात. उबळ ही खोकल्याचीही येते आणि खरेदीचीही. तिडीक डोक्यात उठते, सणक पाठीतून जाते, झटका येतो, कंड सुटते, खुमखुमी येते. एखाद्याने भर सभेत उठून अध्यक्षांना चार शब्द सुनावले, तर आपण 'त्याने विचारपूर्वक निषेध केला' असं म्हणत नाही. 'त्याला झटका आला' म्हणतो आणि पाण्याचा तांब्या पुढे करतो.

यातली खरी गंमत व्याकरणात आहे. मराठीत मी हुक्की करत नाही. मला हुक्की येते. मला मोह होतो, मला राग येतो, मला राहवत नाही. या कुठल्याच वाक्यात 'मी' कर्त्याच्या खुर्चीत सापडत नाही. तो 'मला' होऊन बाजूच्या बाकावर बसलेला असतो, पंचनाम्याला बोलावलेल्या साक्षीदारासारखा. आमच्या घरात आजवर एकही कप कुणी फोडलेला नाही. कप फुटतात. गेल्या दिवाळीत आमच्या हिने साडी घेतली, तेव्हाही तिने ती घेतलीच नव्हती. तिला ती 'घ्यावीशी वाटली'. बिल मात्र कर्तरी प्रयोगात आलं.

इथे हसणं थांबवून प्रश्न विचारावा लागतो. मला हुक्की आली आणि माझ्या हातून काही घडलं, तर ते कुणाचं? माझं, की हुक्कीचं? आणि दुसऱ्याने गळ घातली म्हणून मी 'हो' म्हणालो, तर तो 'हो' कुणाच्या नावावर जमा करायचा? बँकेत आम्ही खातं पाहिल्याशिवाय पैसे जमा करत नाही. मग दोष आणि पुण्य खातं न बघता कसं जमा करावं?

हा प्रश्न माझ्याआधी अर्जुनाने विचारला आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात त्याचा हा अर्ज आहे. माणसाच्या मनात नसताना, कुणीतरी बळेच जुंपल्यासारखा तो पाप करतो, ते कुणाच्या सांगण्यावरून, असं त्याने विचारलं. अर्जुनाला बहुधा बाहेरचं एखादं नाव अपेक्षित होतं. भगवंतांनी नावं दिली ती काम आणि क्रोध यांची. दोघेही घरचेच. थोडक्यात, 'मला राहवलं नाही' हा बचाव तिथेच निकालात निघाला.

कायदा त्या मानाने मऊ आहे. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाच्या भरात, स्वतःवरचा ताबा सुटून एखाद्याने कुणाला मारलं, तर तो खून न धरता कमी दर्जाचा गुन्हा धरण्याची सवलत जुन्या दंडसंहितेत होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही ती राहिली. या सवलतीची सगळ्यात गाजलेली परीक्षा आपल्या मुंबईतच झाली. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर नानावटी यांना दुपारी घरी पत्नीकडून तिच्या प्रेमप्रकरणाची हकीकत कळली. त्यांनी पत्नीला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून पिस्तूल घेतलं आणि प्रेम आहुजाच्या घरी जाऊन त्याला गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. मुंबई हायकोर्टाने ते मानलं नाही. १९६१ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानेही मानलं नाही आणि जन्मठेप कायम झाली. पुढे १९६४ मध्ये त्यांना माफी मिळाली, तो भाग निराळा.

सुप्रीम कोर्टाने हिशेब मांडला तो घड्याळाचा. दीडच्या सुमाराला घर सोडलं, चार वीसला गोळ्या झाडल्या. मधे जवळजवळ तीन तास गेले. तेवढा वेळ स्वतःवर ताबा मिळवायला पुरेसा होता, असं कोर्टाने म्हटलं. आम्हा बँकवाल्यांना हे चटकन समजतं. कोर्टाने रागाला मुदत घालून दिली. ऊर्मी येते तेव्हा ती आगंतुक असते. तिला घरात बसवून तीन तास चहापाणी केलं, की ती आपली पाहुणी होते आणि मग तिने केलेली मोडतोड आपल्या नावावर लागते.

हुक्कीचा हिशेब असा निदान घड्याळावर तरी मांडता येतो. आग्रहाचा मांडणं अवघड.

बी.कॉम.ला आम्हाला १८७२ चा करार कायदा होता. त्यात एक फार सुंदर कल्पना आहे: संमती मुक्त हवी. बळजबरीने, किंवा समोरच्याच्या इच्छेवर आपलं वजन टाकून मिळवलेला 'हो' हा खरा 'हो' नव्हे. ज्याच्याकडून तो काढून घेतला, त्याला तो परत घेता येतो. या प्रकरणात मद्रासचा एक खटला सगळ्या वर्गाला तोंडपाठ असे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका गृहस्थाने बायकोला आणि मुलाला सांगितलं, की मालमत्तेवरचा हक्क माझ्या भावाच्या नावे सोडून द्या, नाहीतर मी जीव देईन. दोघांनी सह्या केल्या. हायकोर्टाने बहुमताने ठरवलं, की ही बळजबरीच. आम्ही मुलं खूष झालो. प्रत्येकाच्या घरी 'मी जिवाचं बरंवाईट करून घेईन' असं महिन्यातून एकदा म्हणणारं कुणी ना कुणी होतंच. ते सगळे करार रद्द होऊ शकतात, हे ज्ञान बी.कॉम.च्या फीमध्ये स्वस्तच पडलं.

पण हाच धागा पुढे ओढला, की हात चटकन मागे घ्यावासा वाटतो. सत्याग्रह हा शब्द घ्या. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी आपल्या लढ्यासाठी नाव सुचवायला सांगितलं, मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवलं, गांधीजींनी त्याचं 'सत्याग्रह' केलं. ढकलायचं नाही, धरायचं; आणि धरायचं तेही सत्याला, समोरच्याच्या गळ्याला नव्हे. कल्पना थोर. पण १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात तेच गांधीजी अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध प्राणांतिक उपोषणाला बसले आणि चार दिवसांत बाबासाहेब आंबेडकरांना पुणे करारावर सही करावी लागली. सगळ्या देशाचे डोळे त्या एका लेखणीवर होते. तो 'हो' मुक्त होता का? बाबासाहेबांनी पुढे या उपोषणाला दडपणच म्हटलं. आणि गांधीजींच्याही मनात ही शंका एकदा उभी राहिली. १९३९ मध्ये राजकोटला त्यांनी उपोषण केलं, निवाडा त्यांच्या बाजूने लागला, आणि मग त्यांनीच जाहीर केलं, की या उपोषणात बळजबरीचा अंश होता. त्या निवाड्याचा लाभ त्यांनी सोडून दिला. जिंकलेला आग्रह परत करणारा माणूस मला इतिहासात दुसरा आठवत नाही. आपण तर जिंकलेली लुडोची सोंगटीसुद्धा परत करत नाही.

थोरामोठ्यांची ही गोष्ट. आता आमच्या काउंटरवरची सांगतो.

एक निवृत्त गृहस्थ हातात नोटीस घेऊन आले. मेहुण्याच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. मेहुण्याचे हप्ते थकले होते. कायद्याप्रमाणे जामिनाची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि बँकेने आधी कर्जदाराच्याच मागे लागलं पाहिजे असंही बंधन नाही. मी विचारलं, सही तुमचीच ना? हो. कुणी धमकी दिली होती? छे. फसवलं? मुळीच नाही, कागद वाचूनच केली. मेहुण्याचं तुमच्यावर काही वजन? ते हसले. "अहो, तो माझ्यासमोर खुर्चीवरसुद्धा बसत नाही."

"मग केलीत कशाला?"

"घरी येऊन बसला होता हो. सही होईपर्यंत चहालासुद्धा हात लावेना."

मी मनातल्या मनात करार कायदा पहिल्या पानापासून चाळला. बळजबरी? नाही. गैरवाजवी वजन? नाही. फसवणूक? नाही. चहा न पिणं हे एकाही कलमात बसेना. त्या माणसाची संमती कायद्याच्या दृष्टीने शंभर नंबरी मुक्त होती आणि ती देताना तो कणभरही मोकळा नव्हता. इंग्रजीच्या त्या लांबलचक यादीतही या गोष्टीला नाव नाही. मराठीत आहे. तिला भीड म्हणतात. आणि आपल्या पूर्वजांनी तिचं कूळही नोंदवून ठेवलंय: भीड ही भिकेची बहीण. माझ्यासमोर उभ्या असलेल्या गृहस्थांना बहिणीची ओळख आधीच झाली होती. मोठ्या बहिणीचा पत्ता त्या नोटिशीत होता.

शेजारच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. आग्रह बाहेरचा आणि हुक्की आतली, ही वाटणीच फसवी आहे. बाहेरचा आग्रह आत शिरतो तो आपल्याच एखाद्या ऊर्मीच्या दारातून. 'वाईट दिसेल', 'तो काय म्हणेल', 'आपण काय एवढे कोते आहोत का', ही सगळी आतलीच माणसं. मेहुणा नुसता सोफ्यावर बसून होता. ढकललं ते त्या गृहस्थांच्या स्वतःच्या चांगुलपणाने. इंग्रजांनी दोन्हींना एक शब्द ठेवला तो आळसाने नव्हे.

म्हणून दोष कुणाचा? सही करणाऱ्याचा आहेच. पण माझ्या मते, ज्याला समोरचा 'नाही' म्हणू शकणार नाही हे पक्कं ठाऊक आहे आणि तरीही जो चहा थंड होऊ देतो, त्याच्या नावावर जास्त जमा व्हायला हवं. तो समोरच्याच्या खिशातले पैसे घेत नाही. त्याच्या सज्जनपणावर उचल घेतो. आणि या उचलीला व्याज नसतं, हप्ता नसतो, तारण तर नसतंच नसतं.

कायद्याला भिडेचं नाव माहीत नसलं, तरी औषध माहीत आहे. ते नानावटींच्या निकालात होतं तेच: वेळ. आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यावर ती न पटल्यास ३० दिवसांत परत करता येते. ही सवलत करणाऱ्याने नक्कीच कधीतरी एखाद्या विमा एजंटला घरात बसवून घेतलं असणार. आग्रह ओसरतो, हुक्की उतरते, एजंट जिना उतरतो, आणि उरतो तो आपला स्वतःचा विचार. तो मुळात हळू चालतो, पॅसेंजर गाडीसारखा. एक्स्प्रेस निघून गेल्याशिवाय त्याला लाइन मिळत नाही.

मध्यमवर्गीय मराठी माणसाने हे औषध कायद्याच्या कितीतरी आधी शोधलं आहे. त्याचं नाव 'घरी विचारून सांगतो'. या तीन शब्दांनी जेवढे संसार वाचवले, तेवढे कुठल्याही कायद्याने वाचवले नसतील. यात बायकोच्या मताला मान दिला जातो अशी सार्वत्रिक समजूत आहे, ती कुणी दुरुस्त करू नये. खरं म्हणजे यात मागितली जाते ती फक्त एक रात्र. ज्याचा आग्रह खरा आहे, तो ती रात्र आनंदाने देतो. ज्याला 'आत्ताच्या आत्ता' हवं असतं, त्याला आपला होकार नको असतो, आपली सही हवी असते. माणूस ओळखायची याहून सोपी परीक्षा मला ठाऊक नाही.

जुन्या पंगतीत याचीच एक खूण होती. पोट भरलं, की जेवणारा पानावर हात आडवा धरायचा. चांगला वाढपी आग्रह करायचा, दोनदा करायचा, नावं घेऊन करायचा. पण हात दिसला की पुढच्या पानाकडे सरकायचा. बोटांच्या फटीतून जिलबी सोडणारेही होतेच, आणि आपण त्यांना प्रेमळ म्हणत आलो. पानावरची ती जिलबी मग टाकवत नाही आणि खाववत नाही, आणि व्याकरणाप्रमाणे तीही आपल्याला 'खावीशी वाटली' असंच ठरतं.

तेव्हा आग्रह जरूर करावा, हुक्कीही अधूनमधून येऊ द्यावी; त्यांच्याशिवाय लग्नं जमणार नाहीत आणि सहली निघणार नाहीत. फक्त समोरच्या पानावरचा हात बघावा. आणि वाढपी अगदीच प्रेमळ निघाला, हात असूनही जिलबी घेऊन वाकलाच, तर न लाजता त्यालाही सांगावं, "थांबा, घरी विचारून सांगतो."